एकमताने आम्लपित्त

“मी अशी सूचना मांडतो,” कुंडलिकराव म्हणाले, “की साहेबांना होणारा त्रास हा आम्लपित्ताचा आहे.”

“अनुमोदन,” खिडकीला टेकून उभ्या असलेल्या कुणीतरी म्हटलं.

“कुणाचा विरोध?”

विरोध कुणाचाच नव्हता. पलंगावर ताठ बसलेल्या नानासाहेबांनी मान हलवली आणि आमच्या मंडळाच्या दवाखान्यातल्या खास खोलीत, मोसंब्यांच्या करंड्या आणि सुकलेले हार यांच्या गराड्यात, एका माणसाचा आजार एकमताने मंजूर झाला.

आज हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पण ज्यांनी आमचं शिक्षण मंडळ त्या काळात पाहिलं आहे, त्यांना नवल वाटणार नाही. नानासाहेब थोरबोले मंडळाचे अध्यक्ष. प्राथमिक शाळा, हायस्कूल, कॉलेज आणि हा दवाखाना असा सगळा पसारा मंडळाचा, आणि मंडळात ठरावाशिवाय पान हलत नसे. मुतारीला दार बसवायचं तर ठराव व्हायचा. दार उलटं बसलं तर ते तसंच राहू देण्याचा ठराव व्हायचा. मग खुद्द अध्यक्षांच्या आजाराचं नाव डॉक्टरांनी परस्पर ठरवून टाकावं, हे कुणाला कसं चालावं?

मी त्या सभेत होतो तो शिक्षक प्रतिनिधी म्हणून. चौथीचा वर्ग माझ्याकडे असे. मंडळात माझं काम एवढंच की मी आलो की कोरम पुरा होई. “गुरुजी आले का? मग करा सुरू,” असं म्हणून सभा सुरू व्हायची, आणि नंतर माझ्याकडे कुणी बघायचं नाही. बोलायचं असेल तर हात वर करावा हे मी जन्मभर मुलांना शिकवलं. सगळ्यांचा वर झाला की आपलाही करावा, हे मी मंडळात शिकलो.

दवाखान्याचे मुख्य डॉक्टर उपळेकर. चांगला माणूस, पण अध्यक्षांच्या चेहऱ्याची भाषा त्यांना जेवढी अस्खलित येत होती तेवढी पोटाची येत नव्हती. नानासाहेबांच्या पोटात वरच्या बाजूला दुखू लागलं, ताप चढला, उलट्या सुरू झाल्या, तेव्हा त्यांनी दवाखान्यातली नवी दुर्बीण वापरायची ठरवली. या दुर्बिणीची फीत नानासाहेबांनीच कापली होती. जिला हार घातला तिचीच नळी गिळायची पाळी आली, तीही त्यांनी गिळली. उपळेकरांनी नळीतून जठराच्या आतल्या अस्तराचा बारीकसा कपचा काढून तपासायला पाठवला. किरकोळ सूज आहे, बाकी ठीक, असा निकाल आला. उपळेकरांना हायसं वाटलं. आम्लपित्त हा कसा सभ्य आजार आहे. तो झाला म्हणून कुणाचा अपमान होत नाही.

“सर, मी एक बोलू का?”

हा आवाज दाराजवळून आला. सभेत दाराजवळच्या जागा दोघांच्याच होत्या, एक माझी आणि दुसरी डॉक्टर ज्योत्स्ना हिप्परगे यांची. उदगीरकडची ही मुलगी नुकतीच दवाखान्यात आली होती, वर्षभराच्या कराराने. वर्षाअखेर मंडळ ठरवणार होतं, ठेवायची की नाही ते.

“आपण सभासद नाही, बाई,” कुंडलिकराव म्हणाले. हे मंडळाचे उपाध्यक्ष. बोलताना आवाज इतका गोड की ऐकणाऱ्याला तहान लागावी.

मी हात वर केला. “माझ्या वेळेत त्यांना बोलू द्यावं.”

“गुरुजी, तुमची वेळ कधीपासून सुरू झाली?”

सगळे हसले. मीही हसलो. पण हशा संपेपर्यंत बाई पलंगापाशी पोचल्या होत्या.

“साहेब, जरा आडवं व्हा. मला पोट बघायचंय.”

नानासाहेबांनी टोपी सारखी केली आणि बाईंकडे असं पाहिलं, जणू एखाद्या शिपायाने खुर्ची मागितली होती.

“बाई,” ते म्हणाले, “उद्घाटनाला आम्ही उभे राहतो, सभेला बसतो. तिसरी गोष्ट चारचौघांत करत नाही.”

टाळ्या पडल्या. कुंडलिकरावांनी तर डोळे पुसले.

बाई तिथेच उभ्या. “मग मी पाहिलं ते सांगते. या दाराला काच आहे. सकाळी मी त्यातून बघत होते. खोलीत कुणी नसलं की साहेब आडवे होतात आणि उशी दातात धरतात. दारावर टकटक झाली की उठून बसतात. बसलं की दुखणं कमी होतंय, हो ना साहेब?”

“त्यात काय मोठंसं?” कुंडलिकराव म्हणाले. “माणसं भेटायला आली की साहेबांना बरं वाटतं. माणसांचा लोभच तसा आहे त्यांना. मी तर म्हणतो, भेटायला येणाऱ्यांची संख्या वाढवावी.”

“अनुमोदन,” खिडकीतून आलं.

“नुसत्या पित्ताने असं होत नाही, सर,” बाई आता उपळेकरांकडे वळल्या. “पित्ताला एवढा ताप नसतो. आडवं झालं की कळ येते, बसलं की ओसरते, हे मी शिकताना एकाच पेशंटमध्ये पाहिलंय.”

“पण तुकड्याचा रिपोर्ट चांगला आहे,” उपळेकर हळूच म्हणाले.

बाईंनी पलंगावरच्या गादीचं टोक दोन बोटांत धरलं. “जठराची भिंत अशी आहे, समजा. ही वर खोळ, आत कापूस. आपण खोळीचा कपचा काढून बघितला. खोळ चांगली निघाली. पण आतला कापूस सडला असेल तर? भिंतीच्या आत जंतू शिरलेत, पू होतोय, असं मला वाटतं. फार कमी लोकांना होतं, म्हणून पटकन कुणाच्या ध्यानात येत नाही. साहेबांना साखर आहे, आणि गुडघ्यांसाठी त्या पुड्या चालल्यात, त्यांच्यात स्टेरॉइड असणार. अंगाची ताकदच गेली तर जंतूंना मोकळं रान.”

पुड्या कुंडलिकरावांनी आणून दिल्या होत्या. त्यांनी खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं पाहायला सुरुवात केली.

“तुम्ही बघितला तो पेशंट,” दारातून एक बाईमाणूस बोललं, “त्याचं पुढं काय झालं?”

नानासाहेबांच्या पत्नी, हौसाकाकी, चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. नवरा आजारी पडल्यापासून त्या त्याच्याशी बोलल्या असतील नसतील, पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी चहा दिला होता.

“उशीर झाला होता, काकी,” बाई म्हणाल्या.

काकींनी चहा वाटायला सुरुवात केली. मग बाईंनी काय करायला हवं ते सांगितलं. रक्त तपासायला घ्यायचं, जंतूंवरचं इंजेक्शन लगेच शिरेतून सुरू करायचं, आणि साहेबांना जिल्ह्याला न्यायचं. तिथे स्कॅनचं मशीन आहे आणि पोटाचे सर्जन आहेत. औषधाने नाही भागलं तर जठर कापावं लागेल, आणि ते इथे होणार नाही.

“जिल्ह्याला कुठे?” नानासाहेबांनी विचारलं, जणू त्यांना ठाऊकच नव्हतं.

जिल्ह्याला मशीन एकाच ठिकाणी होतं. ते इस्पितळ दौलतराव साबळ्यांचं. साबळ्यांचंही शिक्षण मंडळ होतं, आणि त्यांचं नाव आमच्या सभांत घ्यायचं झालं तर ‘समोरचे’ असं घेत.

“साबळ्यांच्या दारात?” नानासाहेब गरजले, आणि गरजताना त्यांचा हात पोटावर गेला. “मेलो तरी जाणार नाही!”

“ते बरोबर आहे, साहेब,” बाई अगदी साधेपणाने म्हणाल्या, “मेल्यावर तिथे घेतही नाहीत.”

अध्यक्षांशी असं कुणी बोलल्याची मंडळाच्या इतिहासात नोंद नव्हती. उपळेकरांनी भिंतीला हात टेकला. शेवटी कुंडलिकरावांनी सगळं सावरून घेतलं. आम्लपित्ताचा ठराव झालेलाच आहे. तो बदलायचा तर पुढच्या सभेत विषय घ्यावा लागेल. तोवर साहेबांच्या इभ्रतीला धक्का लागेल असं पाऊल कुणी उचलू नये. आणि हॉलमध्ये उप्पीट थंड होतंय. या शेवटच्या मुद्द्यावर सभा संपली.

मी मागे रेंगाळलो. व्हरांड्यात काकी रिकामा ट्रे छातीशी धरून उभ्या होत्या. बाई त्यांच्याशेजारी. दाराच्या काचेतून आत दिसत होतं. सगळे गेल्यावर नानासाहेब पलंगावर कलंडले होते. त्यांनी पाय पोटाशी घेतले, उशी तोंडात धरली, आणि ते शरीर असं वळलं की मी नजर काढून घेतली.

“किती वेळ आहे?” मी बाईंना विचारलं.

“माहीत नाही, गुरुजी. आज गेले तर औषधाने वाचतील असं वाटतंय. उद्यापर्यंत थांबले तर सर्जनच्या हातात. परवाचं मी बोलत नाही.”

“मग इंजेक्शन तरी द्या ना इथेच.”

“सरांनी नको म्हटलंय. आम्लपित्ताला ते इंजेक्शन लागत नाही, म्हणाले.”

काकी माझ्याकडे वळल्या. “गुरुजी, तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील.”

“काकी, माझं आजवर चौथीतल्या पोरांनीच तेवढं ऐकलंय.”

“मग आत चौथीतलंच पोर आहे असं समजा.”

त्या सहज बोलल्या, पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आयुष्यभर मी मुलांना कडू औषधं पाजत आलो. शाळेत जंताच्या गोळ्यांचा दिवस असायचा, तेव्हा मुलं बाकांखाली लपायची. औषधाने बरं वाटेल असं सांगून एकाही मुलाने तोंड उघडल्याचं मला आठवत नाही. मरशील म्हटलं तर रडतात, पण ओठ मिटलेलेच. मात्र “जाऊ दे, तुझी गोळी शेजारच्याला देऊ,” असं म्हटलं की त्याच क्षणी तोंड उघडतं.

मी दारावर टकटक केली. आत गेलो तेव्हा नानासाहेब ताठ बसलेले होते, टोपीसकट. कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आला होता.

“काय गुरुजी, उप्पिटाला गेला नाहीत?”

“जातो. एक शंका होती, साहेब. तैलरंग वाळायला किती दिवस लागतात?”

“मला काय विचारता? ड्रॉइंगच्या मास्तरांना विचारा.”

“तेच मला विचारत होते. कुंडलिकरावांनी त्यांना विचारलंय म्हणे. आपला फोटोही नेऊन दिलाय, फेट्यातला. सभागृहात मोठं चित्र लावायचं म्हणून.”

नानासाहेब हळूहळू म्हणाले, “सभागृहात जिवंत माणसाचं चित्र लावत नाहीत.”

“नाही ना? मलाही तसंच वाटत होतं. पण कुंडलिकराव म्हणाले, रंग वाळेपर्यंत ती अडचण उरणार नाही.”

फोटो आणि रंगाची चौकशी सोळा आणे खरी होती. ड्रॉइंगचे हुपरे मास्तर सकाळीच मला भेटले होते. शेवटचं वाक्य तेवढं कुंडलिकरावांचं नव्हतं, माझं होतं. पण त्यांच्या तोंडी ते इतकं शोभून दिसलं की मला आजही त्याचं काही वाटत नाही.

“आणि खुर्ची?” नानासाहेबांनी विचारलं. त्यांचे डोळे तापाने लाल होते. आता त्यात आणखी काहीतरी पेटलं.

“खुर्चीचं मला काही ठाऊक नाही. गादी जरा टणक आहे, बदलायला हवी, असं काहीतरी बोलत होते. पाठीचा त्रास आहे ना त्यांना.”

नानासाहेबांनी पाय पलंगाखाली सोडले आणि चपला चाचपल्या.

“गाडी काढायला सांगा.”

“कुठे जायचं, साहेब?”

“साबळ्याकडे!” ते ओरडले. “आणि त्या बाईला बोलवा, काय टोचायचं ते टोच म्हणावं. मी त्या कुंडलिकाच्या तेराव्याला जेवून मरीन!”

पुढचं सगळं भराभर झालं. बाईंनी रक्त काढून बाटल्यांत भरलं, शिरेत सुई घातली, इंजेक्शन सुरू केलं. उपळेकर धावत आले.

“बाई, हे काय? याचा ठराव?”

उत्तर काकींनी दिलं. “झाला की घरी पाठवा, डॉक्टर. डबा बांधायला कागद लागतोच.”

रुग्णवाहिका मंडळाचीच होती. तिच्यावर नानासाहेबांचं नाव मोठ्या अक्षरांत, आणि ‘रुग्णवाहिका’ हा शब्द त्याखाली जागा उरेल तसा लिहिलेला. आत स्ट्रेचरवर निजायला त्यांनी साफ नकार दिला. ड्रायव्हरशेजारी बसले. वाटेत बाजार लागला तेव्हा त्यांनी दोन्ही बाजूंना नमस्कारही केले. मागे काकी, बाई आणि मी; सलाइनची बाटली मी हात लांब करून धरली होती.

“बसू द्या,” बाई माझ्या कानात म्हणाल्या. “बसल्यावर कमी दुखतंय, तेवढं तरी होऊ दे.”

जिल्ह्याच्या इस्पितळात कुणीतरी आधीच फोन केला असावा. फाटकात दौलतराव साबळे स्वतः उभे. पांढरे कपडे, पांढरे बूट, हातात हार, शेजारी फोटोग्राफर.

“या, या नानासाहेब! आमच्या गरिबाच्या दारी आलात, भाग्य आमचं! अहो, जरा इकडे बघा, कॅमेऱ्याकडे...”

नानासाहेबांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, गाडीतून एक पाय खाली टाकला, आणि ओकले. अर्धं बाईंनी पुढे धरलेल्या ट्रेमध्ये पडलं आणि अर्धं साबळ्यांच्या बुटांवर. हिरवट पिवळं, दाट, आणि वास असा की फोटोग्राफर कॅमेरा टाकून रस्त्यापलीकडे गेला.

सगळे मागे सरले. बाई पुढे वाकल्या. ट्रे उजेडात धरून त्यांनी तो असा न्याहाळला, जसं एखाद्या मुलाचं अचूक सोडवलेलं गणित बघावं.

“पू आहे, गुरुजी,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं तेच आहे.”

आणि बाटलीत नमुना भरून घेता घेता साबळ्यांना म्हणाल्या, “सर, जरा बाजूला होता का? हार नंतर.”

नानासाहेब पुसट हसले. मला वाटतं, साबळ्यांच्या दारात आल्याचा सल त्या एका उलटीत गेला.

स्कॅनमध्ये काळ्या-पांढऱ्या चित्रांत ते स्पष्ट दिसलं. जिथे जठराची भिंत पातळ असायला हवी तिथे ती बोटाएवढी जाड झाली होती, आणि त्या जाडीत काळसर डाग होते. तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घातली, पण या वेळी वरवरचा कपचा न घेता सुई अस्तराच्या पार खाली नेली. पू निघाला. त्यात जंतू सापडले. तपासणीत त्यांचं नाव ठरेपर्यंत शिरेतून औषधं चालू ठेवली आणि तोंडाने पाण्याचा थेंबही बंद.

सर्जन आले, पोट दाबून बघितलं, आणि काकींना बाजूला घेऊन म्हणाले, “वाट बघू. ताप उतरला तर ठीक. नाही उतरला, किंवा भिंत फुटायची लक्षणं दिसली, तर जठर काढावं लागेल. वय बघता त्यातून उठतीलच असं सांगत नाही. सही करून ठेवा.”

काकींनी सही केली. सावकाश, एकेक अक्षर जुळवून. मग पदराने पेन पुसून परत दिलं.

अतिदक्षता विभागात भेटायला येणाऱ्यांना बंदी होती. आमच्या मंडळाची माणसं जीपा भरभरून आली आणि फाटकावरून परत गेली. कुंडलिकराव आले, त्यांना गुरख्याने आत सोडलं नाही. काकी आत होत्या. मला बाईंनी साहेबांचे ‘धाकटे भाऊ’ म्हणून आत घेतलं. आणि आता उठून बसावं असं समोर कुणी नव्हतं, बसायची ताकदही नव्हती. नानासाहेब आडवे होते. टोपी कुठेतरी गेली होती. टोपीखाली एवढं टक्कल आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

एकदा कळ आली तेव्हा त्यांनी बाईंच्या अॅप्रनचं टोक मुठीत पकडलं.

“बाई, लई दुखतंय हो. लई दुखतंय. मला सोडून जाऊ नका.”

“नाही जात.”

“आई गं...” म्हणून ते रडायला लागले. चौथीतलं मूल मैदानावर पडून गुडघा फोडून घेतं आणि रडतं, तसं मोकळ्या गळ्याने. बाईंनी स्टूल ओढलं आणि त्या बसल्या. अॅप्रन सोडवून घेतला नाही. काकी तळपाय चोळत होत्या. मी भिंतीवरची सूचना वाचत राहिलो.

दुसऱ्या दिवशी ताप होता तसाच होता. सर्जन दोनदा येऊन गेले. तिसऱ्या वेळी आले तेव्हा तक्त्यातली रेघ खाली वाकलेली होती. त्यांनी चाकूची वेळ पुढे ढकलली. मग आणखी पुढे, आणि मग विषयच काढला नाही. जंतूंचं नावही आलं. बाईंनी ते नानासाहेबांना समजावून सांगितलं.

“माळेसारखे दिसणारे जंतू आहेत, साहेब. घसा धरणारे. आपल्या शाळेत हिवाळ्यात पोरांचे घसे बसतात ना, त्यांचेच भाऊबंद. साध्या पेनिसिलिनने मरतात.”

नानासाहेबांचा चेहरा पडला. एवढा दुर्मिळ आजार, आणि जंतू चौथीच्या वर्गातला! बरे होत असल्याची पहिली खूण मला तीच वाटली.

ते घरी आले ते बँड लावून. सभागृहात सत्कार ठेवला. कुंडलिकराव बोलायला उभे राहिले आणि म्हणाले की वेळीच योग्य निदान करून अध्यक्षांना जिल्ह्याला हलवण्याचा धाडसी निर्णय मंडळाने घेतला, त्याबद्दल मंडळाचं अभिनंदन करावं तेवढं थोडं. अनुमोदन आलं. डॉक्टर उपळेकरांचा सत्कार झाला, ड्रायव्हरचा झाला. शेवटी बाईंना बोलावलं. नानासाहेबांनी त्यांना शाल पांघरली, नारळ दिला. देताना ते बाईंच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत होते.

त्यानंतरच्या सभेत बाईंचा करार पुढे न वाढवण्याचा विषय आला. दवाखान्याला सध्या आवश्यकता नाही, असं कारण. मी हात वर केला. सगळ्यांच्या आधी, आणि एकट्याने.

“विरोध आहे माझा.”

खोलीत कुजबुज झाली. कुंडलिकरावांनी मृदू आवाजात सांगितलं की शिक्षक प्रतिनिधीचं मत नोंदलं जातं, मोजलं जात नाही. ठराव मंजूर झाला.

सभा उठल्यावर मी नानासाहेबांना जिन्यात गाठलं. “साहेब, त्या पोरीने तुमचा जीव वाचवला.”

“म्हणून तर शाल दिली.”

“शालीने घर चालत नाही.”

“गुरुजी,” ते म्हणाले, आणि वरखाली बघून त्यांनी आवाज उतरवला, “ती समोर आली की माझ्याकडे बघते हो.”

“बघतात तर सगळेच.”

“सगळे टोपीकडे बघतात. ती पोटाकडे बघते.” कठडा धरून ते दोन पायऱ्या उतरले. “मला काही वाईट करायचं नाही तिचं. चांगली शिफारस लिहून दिलीय. पण इथे नको.”

त्या वर्षापासून शिक्षक प्रतिनिधीही बदलला. कोरम काय, कुणीही पुरा करतं.

बाई निरोप घ्यायला आल्या तेव्हा माझ्या ओट्यावर चार-पाच मुलं पाढे म्हणत होती. नांदेडकडे एका इस्पितळात त्यांना जागा मिळाली होती; नानासाहेबांची शिफारस न दाखवता. काखेत एक मोठं पाकीट होतं.

“हे साहेबांच्या स्कॅनचे फोटो. शेवटची तपासणी कालच झाली. दवाखान्यात देऊन जाणार आहे, म्हटलं त्याआधी तुम्हाला दाखवावेत.”

“मला एकट्याला नको,” मी म्हटलं. “या पोरांना दाखवा. माणसाचं पोट आतून कसं असतं, पुस्तकात धड चित्र नाही.”

मुलं पाढे टाकून धावली. बाईंनी पहिला फोटो उन्हात धरला, मग दुसरा त्याच्या शेजारी.

“ही भिंत जाडजूड आहे आणि ही बारीक!” एक मुलगी ओरडली.

“शाब्बास. ही आजारातली, ही आत्ताची.” बाईंनी फोटो माझ्याकडे वळवला. त्यांचा चेहरा मनापासून खुलला होता. काम नीट झालं की मुलांचा खुलतो तसा. “बघा गुरुजी, एवढं होऊन गेलं, पण आत एक खूणसुद्धा राहिलेली नाही. साहेब अगदी आधी होते तसे झालेत.”

“हो,” मी म्हटलं. “आम्हाला ते बाहेरूनही दिसतंय.”